आई-बाबा, मी कच्छला जायचं ठरवलंय

ती. आई व ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे नीट सांगून होत नाही. आई मध्येच "जेवलीस का?" विचारते, बाबा "बरं, बरं" म्हणून फोन तिच्या हातात देतात आणि मुख्य गोष्ट राहूनच जाते. म्हणून लिहायला बसले. कंपनीने मला खावड्याच्या साईटवर बदली दिली आहे, दोन वर्षांसाठी. मी हो म्हणून कळवलं आहे. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय.

खावडा कच्छमध्ये आहे, भुजच्या उत्तरेला, अगदी रणाच्या कडेला. तिथे सौर आणि पवन ऊर्जेचं ३० गिगावॉटचं पार्क उभं राहतंय. २०२० च्या डिसेंबरमध्ये त्याची पायाभरणी झाली. जागा ७२,६०० हेक्टर, म्हणजे आपल्या गोव्याच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढी. ती बऱ्याच कंपन्यांना वाटून दिलीय आणि त्यातल्या एकीचं बांधणीचं आणि देखभालीचं काम आमच्याकडे आहे.

आई, तू पाठवलेलं कात्रण मिळालं, वीज खात्यातल्या कनिष्ठ अभियंत्यांच्या जागांचं. तू पेनाने शेवटच्या तारखेखाली रेघही मारली आहेस. मी तो अर्ज भरणार नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तू वाट बघत बसणार नाहीस. सरकारी नोकरीबद्दल तू म्हणतेस ते मला पटतं. आपलं घर त्या पगारावर उभं राहिलं, माझं इंजिनिअरिंग त्यावर झालं. बाबा हेल्पर म्हणून लागले आणि लाईनमन होऊन निवृत्त झाले. ज्येष्ठता यादी लागायची, आपल्या वर किती जण आहेत ते कुणालाही वाचता यायचं, डीपीसी, म्हणजे बढतीची समिती, बसली की नाव निघायचं. बढती अडलीच तर एमएसीपी या सरकारी वेतन योजनेने १०, २०, ३० वर्षांनी पगार तरी एक पायरी वर सरकायचा. वेळ लागायचा, पण आपण कुठे उभे आहोत ते माणसाला ठाऊक असायचं.

आमच्याकडे यादी नसते. वर्षअखेरीला साहेब प्रत्येकाला रेटिंग देतात, ती सगळी मुख्य कार्यालयात जातात आणि तिथे ठरलेल्या प्रमाणात बसवली जातात. इतक्यांनाच सर्वांत वरचं, बहुतेकांना मधलं आणि काहींना खालचं. एखाद्या टीममध्ये सगळ्यांनी जीव तोडून काम केलं, तरी कुणाला ना कुणाला खाली ढकलावंच लागतं. माझा या पद्धतीवर खरा राग आहे, कारण ती चांगल्या माणसांचा स्वभाव बदलते. एरवी एकमेकांच्या अडचणीला धावणारे लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये ड्रॉइंगसुद्धा पटकन देत नाहीत. कुणाच्या नावावर काय जाईल याचाच हिशोब सुरू होतो. नवीन आलेली मुलं हे बघून शिकतात, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तरी ही कंपनी वाईट आहे असं समजू नका. कुंडईच्या आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतींत छपरांवर पॅनल बसवत मी जे शिकले, ते मला दुसरीकडे कुणी शिकवलं नसतं. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना गोल उभं करून टूलबॉक्स टॉक होतो. आज कुठे चढायचं, काय धोका आहे, कुणाचा हार्नेस, म्हणजे पडण्यापासून वाचवणारा दोरीचा पट्टा, तपासला, हे मोठ्याने बोललं जातं. धोका दिसला तर अगदी हेल्परसुद्धा काम थांबवू शकतो आणि त्याला कुणी जाब विचारत नाही. गेल्या पावसाळ्यात ओलं छप्पर बघून मी काम थांबवलं, तेव्हा ग्राहकाचा माणूस फोनवर चिडला होता. आमचे इथले साहेब माझ्या बाजूने उभे राहिले. ते मी विसरणार नाही.

पण एक गोष्ट तुम्हाला आतापर्यंत सांगितली नव्हती. शेडच्या छपरात उजेडासाठी मध्ये मध्ये फायबरचे पत्रे असतात. उन्हाने ते ठिसूळ होतात, धूळ बसली की बाजूच्या पत्र्यांसारखेच दिसतात. ओडिशाचा एक मुलगा पॅनलची चौकट घेऊन मागे सरकला आणि त्याचा पाय तशा पत्र्यातून मांडीपर्यंत आत गेला. हार्नेसच्या दोरीने त्याला धरलं. खाली प्रेस मशीन चालू होतं. आम्ही त्याला ओढून बाहेर काढलं, पायाला खरचटलं होतं, एवढंच. तो पाणी प्यायला आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, की आजची हजेरी कापणार का?

मी त्याची निअर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, म्हणून नोंद करायला बसले, तर वरून फोन आला की लिहू नकोस. गेटवर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक असतो आणि त्या आकड्याशी वरच्यांचा बोनस जोडलेला असतो. निअर मिसने तो आकडा शून्यावर येत नाही, पण चौकशी लागते, काम थांबतं. मी नोंद केलीच. पुढच्या आठवड्यात त्या शेडवर फायबरच्या प्रत्येक पत्र्यावर जाळी लागली आणि चालायला फळ्या टाकल्या. त्या वर्षी माझं रेटिंग मधलंच आलं. दोन्हींचा संबंध आहे असं मला सिद्ध करता येणार नाही, पण जाळी लागली हे मात्र मी स्वतः बघितलं. बाबा, पावसात झाड पडून तार तुटली की लोक रस्त्यात गाडी अडवून "लाईट कधी येणार?" विचारायचे, आणि तुम्ही एलसी, म्हणजे लाईन बंद केल्याचा लेखी परवाना, हातात आल्याशिवाय खांबाला हात लावायचा नाहीत. मी ते लहानपणापासून बघत आले आहे.

त्या मुलासारख्या ठेकेदाराच्या माणसांना आमच्याकडे बढती नावाची गोष्टच नाही. त्यांतले काही जण माझ्या आधीपासून छपरांवर आहेत, नवीन इंजिनिअरला तेच काम शिकवतात, आणि दरवर्षी नव्या ठेकेदाराच्या नव्या बिल्ल्यावर पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करतात. हे बदलायचं तर सही करायचा अधिकार लागतो आणि तो माझ्या आताच्या पदाला नाही.

इथेच खावड्याचा प्रश्न येतो. माझ्यानंतर लागलेला एक मुलगा राजस्थानच्या साईटवर दोन वर्षं राहून आला आणि डेप्युटी मॅनेजर झाला. मी विचारलं, तर उत्तर मिळालं की तुला प्लांटचा अनुभव नाही. खरंच नाही. गोव्यात तो मिळणार कुठून? बाबा, तुम्ही हे माझ्याहून चांगलं जाणता. आपली वीज येते कोरबा, विंध्याचल, रामगुंडमहून. कोलवाळला ४०० केव्हीची लाईन उतरते आणि तिथून पुढे आपण ती वाटतो. वीज तयार करण्याचं काम शिकायचं तर गोव्याबाहेर जायलाच हवं.

मग मी विचारलं, मला साईट का दिली नाही? तर म्हणे तिथे बायकांच्या राहण्याची सोय नाही, रात्रपाळी असते. १९४८ च्या कारखाने कायद्यात बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामावर ठेवायला मनाई होती, ते खरं. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. बाईची संमती असेल आणि सुरक्षेची व्यवस्था असेल, तर ती रात्रपाळी करू शकते. राहण्याची सोय तर कंपनीने करायची असते, ती मी बरोबर आणायची नसते. मी हे सगळं शांतपणे लिहून दिलं. उत्तर यायला वेळ लागला, पण आलं. वेगळं स्वच्छतागृह असलेल्या दोन केबिन उभ्या राहिल्या आहेत. बडोद्याची एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर माझ्याबरोबर रुजू होतेय.

बाबा, तुम्हाला कामाची काळजी असणार, म्हणून तेही सांगते. तुमच्या ११ केव्हीवर स्विच ओढला, टेस्टरने बघितलं, डिस्चार्ज रॉड लावला की लाईन मेली. सोलारमध्ये तसं होत नाही. स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनलच्या बाजूची तार जिवंतच राहते. मोठ्या प्लांटमध्ये १५०० व्होल्टपर्यंत डीसी असतं, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप तुटत नाही. त्यामुळे लोडवर, म्हणजे वीज वाहत असताना, कनेक्टर ओढायचा नाही, हा आमचा पहिला नियम. उन्हाळ्यात ऊन फार, खारट धूळ फार, म्हणून बाहेरची कामं पहाटे उरकतात. गाडी, डॉक्टर, रुग्णवाहिका साईटवर आहे, मी विचारून घेतलं आहे.

आई, तुझा प्रश्न वेगळा आहे, मला माहीत आहे. तुमचं वय झालंय, बाबांचे गुडघे दुखतात, आणि अशा वेळी मुलगी हजार मैल लांब. याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. आठवड्याच्या सुट्टीला सावईवेऱ्याला येणं आता जमणार नाही, हे मला लागतंय. तुमचा वैद्यकीय विमा माझ्या कंपनीच्या पॉलिसीत आहे तसाच राहील, बदलीने त्यात फरक पडत नाही. कार्डं देवघराच्या कपाटात खालच्या खणात ठेवली आहेत. फोंड्याच्या डॉक्टरांकडची तारीख शेजारच्या वहिनींना सांगून ठेवली आहे, त्या बाबांना घेऊन जातील. चवथीची रजा मी आत्ताच मंजूर करून घेतली. गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला मी असेन, पण बाबांनी शिडीवर चढायचं नाही.

थंडी पडली की तुम्ही दोघं तिकडे या. मडगावहून थेट गांधीधामला गाडी आहे, पुढे भुजपर्यंत मी घ्यायला येईन. बाबांना ४०० केव्हीचं स्विचयार्ड जवळून बघायला मिळावं, अशी माझी फार इच्छा आहे. पाहुण्यांच्या पासासाठी आधार कार्डाची प्रत लागते, तेवढी पाठवून ठेवा.

शनिवारी घरी येतेय. रागवायचं असेल तर तेव्हा समोरासमोर रागवा. पण बाबा, त्याआधी तुमचे जुने रबरी हातमोजे कुठे आहेत ते बघून ठेवा. वापरायचे नाहीत, कंपनी नवीन देते. मला ते फक्त बरोबर हवे आहेत.

तुमची,
बाय