एकटीची गाडी

ती. आई आणि बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर पुढच्या महिन्यापासून मालाची गाडी एकटीच चालवणार म्हणाले, तर आईचा आवाज बसला आणि बाबा गप्पच झाले. फोन ठेवल्यावरही मनातून जाईना, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

एकटी म्हणजे रात्रंदिवस एकटीच चालवणार, हे डोक्यातून आधी काढून टाका. रात्रंदिवस तर आजवर चालली, कारण हे आणि मी, आम्ही दोघं होतो. आमचा माल तातडीचा. इथे अमेरिकेत डेट्रॉइटकडचे मोटारींचे कारखाने सुट्या भागांचा फारसा साठा ठेवत नाहीत, लागेल तसा माल मागवतात. एखादा भाग कमी पडला की अख्खी लाइन थांबायची वेळ येते आणि मग आमच्यासारख्या गाडीला फोन येतो. सहा टनांच्या गाडीत कधी दोनच पेट्या असतात, पण वाटेत दुसऱ्याचा माल घ्यायचा नाही, थेट दारात नेऊन द्यायचा. मेक्सिकोच्या सीमेवरचं लारेडो ते डेट्रॉइट जवळजवळ १,७०० मैल, म्हणजे २,७०० किलोमीटर. एक चालवतो, दुसरा मागे झोपतो, गाडी डिझेलपुरती थांबते आणि दीड दिवसाच्या आत माल पोचतो.

एकट्याला हे इथला कायदा करूच देत नाही. सलग १० तास विश्रांती झाल्याशिवाय नवा दिवस सुरू होत नाही. मग चालवायला ११ तास, तेही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत. त्यातही ८ तास चालवलं की अर्धा तास थांबायचंच. बाबा, तुमच्या एसटीच्या लॉगशीटसारखं हे हाताने भरायचं नसतं. डिसेंबर २०१७ पासून इंजिनला जोडलेलं यंत्र नोंद ठेवतं. त्यामुळे लारेडो-डेट्रॉइटला मला तीन दिवस लागतील, आणि तीन दिवस थांबायची तयारी असेल तो गिऱ्हाईक आमच्याकडे येतच नाही. मला मिळतील ती ३००-५०० मैलांची कामं, ओहायो, इंडियाना, केंटकी, मिशिगन एवढ्या टापूतली. कुठली वाट कुठे खराब आहे ते मला पाठ आहे.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती तुमच्यापासून लपवणार नाही. या धंद्यात माल कधी येईल त्याचा नेम नसतो. दिवसभर फोनची वाट बघत बसायचं आणि रात्री ११ वाजता बोलावणं यायचं. कागदावर माझी १० तासांची विश्रांती झालेली असते, कारण मी चालवत नव्हते. पण डोळे तर सकाळपासून उघडेच असतात ना! दोघं होतो तेव्हा एकाची झोप झालेली असायची. आता हे माझं मलाच ठरवायचंय, आणि मी ठरवलंय की झोप झाली नसेल तर माल घ्यायचा नाही. दमलेल्या ड्रायव्हरने गाडी हाकू नये असा इथे नियमच आहे, आणि नियम मोडायला ड्रायव्हरवर कुणी दबाव आणला तर तोही २०१६ पासून नियमभंग धरतात. दुपारी पडदे लावून दोन-तीन तास पडायची सवय मी आत्ताच लावून घेतेय.

हे सगळं कशासाठी, तर यांच्या पाठीसाठी. चालत्या गाडीत झोपणं म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. जाळीचा पट्टा अंगावरून घ्यायचा, म्हणजे ब्रेक लागला तर माणूस पुढे फेकला जात नाही. काँक्रीटच्या रस्त्याचा सांधा आला की धप्, पुन्हा धप्. यांची पाठ त्यातच गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चालत्या गाडीत झोपणं बंद. आता हे पुढच्या महिन्यापासून घराजवळच्या गॅरेजात लागणार आहेत. नोकरीबरोबर दोघांचा आरोग्य विमाही मिळेल, जो स्वतःची गाडी असलेल्याला इथे खिशातून भरावा लागतो. गाडीचा हप्ता तेवढाच राहील आणि उत्पन्न कमी होईल, खरं आहे. पण दोघं मिळून हिशेब मांडलाय, भागतं. आणि मला पहिल्यांदाच थांबलेल्या गाडीत रात्रीची झोप मिळणार आहे.

बाबा, तुम्ही बामणोलीची मुक्कामी गाडी घेऊन जायचात, तेव्हा रिव्हर्सला कंडक्टर मागे उभा राहून पत्र्यावर थाप मारायचा. ते काम इतके दिवस यांनी केलं. आता मागे कुणी नाही. तेव्हा खाली उतरायचं, गाडीला पूर्ण वळसा घालायचा, खांब, फलाट, वरची पन्हळ सगळं बघायचं, मग दहा फूट मागे, आणि शंका आली की पुन्हा उतरायचं. घाई करणारे करोत. गेले काही आठवडे हे नुसते बाजूला बसतात आणि मी एकटी असल्यासारखी सगळं करते, मालाला पट्टे आवळण्यापासून.

आई, तुझ्या काळजीचं सांगते. ट्रक थांब्यांवर संध्याकाळनंतर जागा मिळत नाही, म्हणून उजेडात गाडी लावता येईल असाच बेत ठेवते, शक्यतो दिव्याखाली, दुकानाच्या जवळ. रात्री दोन्ही दारांच्या मुठींतून सीटबेल्ट ओवून आतून अडकवते. कुलूप उघडलं तरी दार उघडत नाही. कुणी टकटक केली तर दार न उघडता काचेतूनच बोलायचं. थंडीत इंजिन बंद ठेवूनही केबिन गरम राहते, वेगळा हीटर आहे. खाण्याची आबाळ नाही, छोट्या कुकरमध्ये खिचडी होते. मेतकूट मात्र संपलंय.

बाबा, फोनवर माझ्या गाडीचं लोकेशन तुम्हाला कायम दिसेल असं करून ठेवते. चाकावर असताना मी फोन घेणार नाही, तेव्हा ठिपका हलताना दिसला तर वाट बघू नका. थांबले की मीच करेन.

आणि तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आता पुढे ढकलू नका. आजवर सुट्टी म्हटलं की दोघांचं जमवावं लागायचं, आता गाडी कधी उभी करायची ते माझ्या हातात आहे. दिवाळीआधीची तारीख घ्या आणि लगेच कळवा, मी तिकीट काढते.

तुमची,
लेक