साहेब, माझे डोळे फिरतात ते मला ऐकू येतं

माननीय आरोग्यमंत्री महोदय, कर्नाटक,

स.न.वि.वि. पत्र मराठीत आहे. घटनेच्या 350व्या कलमाने तेवढी सोय ठेवली आहे. कचेरीत कुणीतरी वाचून दाखवेल.

मी बेळगाव-वडगावचा विणकर. परवा सोमवारी सरकारी दवाखान्यातून तिसऱ्यांदा हात हलवत परत आलो. गेल्या महिन्यात 'पुढच्या सोमवारी नक्की स्कॅन' म्हणाले होते. आता म्हणतात, तसलं स्कॅन इथे होत नाही, बेंगळूरला जावा की. येताना जिन्यावर हॉर्न ऐकून तोल गेला, मनगट मोडलं. हे पत्र पोरगी लिहून घेत आहे.

रोग सांगतो. इंग्रजीत त्याला 'सुपीरियर कॅनाल डिहिसन्स' म्हणतात. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या असतात. त्यांच्याभोवतीचं हाड अख्ख्या शरीरात सगळ्यांत टणक. पण वरच्या नळीवर, मेंदूच्या बाजूला, काहींच्यात ते अंड्याच्या टरफलाहून पातळ असतं आणि काहींच्यात तिथे भोकच असतं. आतल्या कानाला मुळात दोनच खिडक्या. ही तिसरी पडली की आवाजाचा दाब भलतीकडे वळतो आणि तोलाची नळीच आवाजाने हलते.

म्हणजे माग सुरू झाला की माझी जमीन तिरपी होते. धोटा आपटला की समोरचा ताणा वर सरकतो. बोललो तर माझाच आवाज पिंपात घुमल्यासारखा डोक्यात घुमतो. रात्री अंधारात डोळे इकडून तिकडे फिरवले की ते फिरलेले ऐकू येतात, खर्र खर्र. हे बायकोला सांगितलं तर तिने देवऋषाकडे नेलं. तिला काय बोलू, शिकलेल्या डॉक्टरांनी गॅसच्या गोळ्या दिल्या, एकाने झोपेच्या. चार वर्षांनी मिरजेच्या एका कानाच्या डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून माझ्या पायाच्या घोट्यावर टेकवला. घोट्यावर, साहेब! आणि तो मला कानात ऐकू आला. माझ्यावर विश्वास ठेवणारा पहिला माणूस. मी तिथेच रडलो.

हा रोग 1998 साली अमेरिकेच्या लॉईड मायनर यांनी जगापुढे मांडला. खात्रीला सीटी स्कॅन लागतो, पण अर्ध्या मिलिमीटरच्या कापांचा, त्या नळीच्या रेषेत फिरवून बघितलेला. जाड कापात असलेलं पातळ हाडही नाहीसं दिसतं. ऑपरेशन म्हणजे कवटी उघडून भोक बुजवणं. ते अंदाजाने कसं करायचं?

तुमच्या दवाखान्यातही तिसरी खिडकी आहे. कार्डाचं काम तिथे होतं. माझ्या कानातली कायम उघडी, ती कायम बंद.

फॉर्म सगळे कन्नडात. मला कन्नड बोलता येतं, सुताचा व्यवहार मी त्यातच करतो, वाचता येत नाही. 'सही करा' म्हणाले, केली. कशावर, ते देव जाणे. पलीकडच्या महाराष्ट्र सरकारने 2023 साली 865 सीमाभागातल्या गावांना आरोग्य योजना जाहीर केली, लगेच इकडे डोळे वटारले गेले. तिकडचे तरी काय, निवडणूक आली की आमची आठवण. 2004 साली दाखल झालेला सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात, माझा कान रांगेत. डिसेंबरात तुम्ही सगळे अधिवेशनाला इथल्या सुवर्णसौधात, म्हणजे विधानसभेच्या इमारतीत, येता. ती इमारत कुणी चारशे कोटींची म्हणतं, कुणी पाचशे. पंधरा दिवस गाड्यांचे सायरन, आणि मी खोलीत भिंत धरून बसलेला.

आजवर पावणेदोन लाख गेले. बायको म्हणते दोन. तिचा हिशेब पक्का. दोन माग विकले.

बेळगावातच बारीक कापांचं स्कॅन करून द्या, फॉर्मच्या मागे मराठी छापा. उत्तर मात्र लेखी पाठवा. फोनवर कुणी मोठ्याने बोललं की मी पडतो.

आपला,
वडगावचा एक विणकर