आजोबांच्या घड्याळाचं नाव सांगणाऱ्या काकांना

आजोबांचं चावीचं घड्याळ माझ्याकडे आलं तेव्हा बंद होतं. तबकडी कुणीतरी पुन्हा रंगवलेली, त्यामुळे कंपनीचं नावच गायब. एका दुकानात सरळ सांगितलं, "भंगार आहे, आत सेलवालं मशीन टाकून देतो."

दादरच्या एका जिन्याखाली बसणाऱ्या काकांनी मात्र मला स्टुलावर बसवलं, मागचं झाकण उघडलं आणि स्वतःचं भिंग माझ्या डोळ्याला लावून दिलं. "वाच." पट्टीवर बारीक अक्षरं होती: फाव्हर-ल्युबा! मग चिमट्याच्या टोकाने त्यांनी घड्याळ चालवणाऱ्या दोन स्प्रिंगांचे दोन डबे दाखवले. ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत होती, हे मला नंतर कळलं.

झाकणाच्या आत जुन्या कारागिरांनी कोरलेल्या दुरुस्तीच्या खुणा होत्या. मी विचारलं, पॉलिश करायचं का? "त्या खुणा राहू देत. आजोबा दर वेळी घेऊन जायचे, त्याची नोंद आहे ती."

साफसफाई, तेलपाणी झालं. ओळख पटवायचे पैसे काही घेतले नाहीत, चहाही त्यांनीच मागवला. काका, तुमचं नाव विचारायचं राहिलं. घड्याळ रोज तीन-चार मिनिटं पुढे जातं. आजोबाही सगळीकडे लवकरच पोहोचायचे. मनापासून आभार.