आई-बाबा, रविवारच्या चहाला या

हाँगकाँग,
रविवार, दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "तिथे येऊन आम्ही खायचं काय? दहीभात?" मी विषय टाळला, कारण उत्तराला अर्धा तास लागला असता आणि मागून बाबांनी "बिल वाढतंय" म्हटलं असतं. व्हॉट्सॲपला बिल येत नाही हे त्यांना अजून पटलेलं नाही. म्हणून हे पत्र.

आज सकाळी ऑफिसातल्या एका मित्राच्या घरच्यांबरोबर 'याम चा'ला गेलो होतो. याम चा म्हणजे नुसतं 'चहा पिणं'. आपण नाही का, 'चहाला या' म्हणतो आणि पुढ्यात पोहे, शिरा नि लाडू मांडतो? तसंच. चहासोबत जे छोटे छोटे पदार्थ येतात, ते डिम सम. हॉल आपल्या मंगल कार्यालयाएवढा, आणि आवाजही तेवढाच. गोल टेबलं, मधे फिरती काच. पूर्वी बायका ढकलगाड्यांवर बांबूच्या चाळण्या घेऊन फिरायच्या, तशा गाड्या आता थोड्याच ठिकाणी उरल्यात. बाकी सगळीकडे कागदावर खुणा करून द्यायच्या.

पहिला चहा प्यायचा नाही, हे आधीच सांगतो. तो वाडग्यात ओतून त्यात कप, चमचे, चॉपस्टिक्स विसळायच्या असतात. मागच्या खेपेला मी तो वाडगा सरळ तोंडाला लावला होता. मित्राची आजी अजून त्यावर हसते. आई, हॉटेलातली ताटली पदराने पुसतेस म्हणून आम्ही तुला इतकी वर्षं चिडवलं. इथे तुला कुणी काही म्हणणार नाही.

बाबा, चहा बिनदुधाचा, बिनसाखरेचा. पो लेई नावाचा काळपट, मुरवलेला चहा इथे फार चालतो. वास पहिल्या पावसातल्या मातीसारखा. बशी विसरा. चहाचे पैसे माणशी लावतात, ते बिलात बघून भांडू नका. कुणी आपल्या कपात ओतलं की टेबलावर दोन बोटं हलकेच टकटक करायची, म्हणजे आभार मानले. दंतकथा अशी, की चीनचा छिएनलुंग बादशहा वेष पालटून फिरत असताना त्याने नोकरांना स्वतः चहा ओतला. गुडघे टेकावेत तर बादशहा ओळखला जाणार, म्हणून त्यांनी बोटंच वाकवली. आणि किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं, वेटर येऊन पाणी भरून जातो. "ओ, शुक शुक" करावं लागत नाही. आई, हे तुझ्यासाठी सांगतोय.

आता मुख्य गोष्ट. हार गाव म्हणून एक पदार्थ असतो, आत कोळंबी. आई, तू कोळंबी सोड, पारी बघ. गव्हाच्या सत्त्वात थोडी टॅपिओकाची पूड घालून त्यावर उकळतं पाणी ओततात आणि गरम गरमच मळतात. म्हणजे उकडच की! लाटणं नाही, तेल लावलेल्या रुंद सुऱ्याच्या पात्याने दाबून पारी पसरवतात आणि एका बाजूने बारीक चुण्या घालत मिटतात. वाफवल्यावर पारी काचेसारखी होते, आतली गुलाबी कोळंबी दिसते. आजीने चॉपस्टिकने एक उचललं, चुण्या मोजल्या आणि नाक मुरडलं. गणपतीत काकूच्या मोदकाच्या कळ्या मोजताना तू करतेस ना, अगदी तोच चेहरा. माझे मोदक फुटायचे म्हणून मला नारळ खवायला बसवायचीस, ते आजीला सांगितलं, तर म्हणाली आईला घेऊन ये.

मुळ्याची वडीही असते, 'लो बाक गो'. किसलेला मुळा नि तांदळाचं पीठ, आधी वाफवून मग तव्यावर खरपूस, आपल्या कोथिंबीर वडीसारखी. पण त्यात सुकी कोळंबी आणि सॉसेज घालतात, तेव्हा तुझ्या कामाची नाही. कोंबडीचे पाय मी एकदा खाल्ले. त्याबद्दल एवढंच.

तुझी सोय वेगळी पाहून ठेवलीय. डायमंड हिलला नान लियन बाग आहे, शेजारच्या ची लिन मठाच्या बौद्ध भिक्षुणी ती सांभाळतात. तिथे धबधब्यामागे शाकाहारी उपाहारगृह आहे. बौद्धांच्या अशा जेवणात कांदा-लसूणही वर्ज्य, म्हणजे तुझा चातुर्मास इथेही पाळता येईल. पुष्कळ लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करत नाहीत. तू म्हणशील, एकादशी चुकली थोडक्यात.

शेवटी बिल आलं तेव्हा मित्राने हात घातला, त्याच्या वडिलांनी त्याच्या मनगटावर चापट मारून ते ओढून घेतलं. बाबा, मला तेव्हा तुम्हीच दिसलात. तुमच्या वेळी मी हात धुवायला जातो सांगून आधीच काउंटरवर पैसे देऊन येणार आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी इथला दमटपणा उतरतो, तेव्हाच या. पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो पाठवा, मागच्या वेळी पाठवलेत त्यात बाबांचा अंगठा आलाय. तिकीट रविवारी पहाटे पोचणारं बघतो. शनिवारी उतरलात तर बाबा हार गावला हात लावणार नाहीत.

तुमचा,
बंड्या