मनूला, येत्या उन्हाळ्याबद्दल

प्रिय मनू,

आजीकडे रेंज धड येत नाही आणि तू फोनवर अर्ध्यातच "बरं बरं" म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहूनच पाठवतेय, वायफाय मिळालं की निवांत वाच. तू विचारलेलंस ना की शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांना गणिताच्या, सायन्सच्या समर कॅम्पला घेतात का, तर मी आणि बाबांनी दोन-तीन रविवार बसून सगळं बघितलंय आणि माझं मत आता पक्कं झालंय. जिथे आत जायला मार्कशीट लागते तिथे आपण वेळ घालवायचा नाही, जिथे सोडवलेली गणितं मागतात तिथे तू अर्ज करायचास.

इस्रोचा शाळेतल्या मुलांसाठीचा युविका कॅम्प तुला आवडला होता, मला माहितेय. मे महिन्यात दोन आठवडे, इस्रोच्या सेंटरवर राहायचं, पण तो नववीतल्या मुलांसाठी आणि निवडीत आठवीच्या मार्कांना मोठं वजन, ते आपण आणणार कुठून? पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा पण फार सुंदर प्रोग्राम आहे, उन्हाळ्यात आठवी-नववीची मुलं आठवडाभर एका शास्त्रज्ञाबरोबर काम करतात, पण तो पुणे जिल्ह्यातल्या शाळांमधून होतो. यातला कुठलाच नियम तुझ्याविरुद्ध केलेला नाहीये, हजारो अर्जांमधून निवडायला त्यांना शाळा आणि मार्क सोयीचे पडतात, एवढंच. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आता आयओक्यूएमबद्दल, म्हणजे गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या परीक्षेबद्दल. सप्टेंबरमध्ये कटऑफला थोडक्यात राहिलीस तेव्हापासून तू "मला स्पीडच नाही" म्हणत असतेस, आणि मला ते ऐकवत नाही. तीन तासांत 30 प्रश्न, उत्तर फक्त दोन आकडी, कसं काढलं ते कोणी विचारत नाही. परीक्षा चांगलीच आहे, त्यातूनच पुढे आरएमओ, आयएनएमओ या वरच्या परीक्षा आणि मग ट्रेनिंग कॅम्प लागतो, पुढच्या वर्षी परत दे, जरूर दे. पण तू गणित कसं करतेस ते त्या तीन तासांत दिसतच नाही गं.

मी कसं बघितलंय ते सांगते. पावसाळ्यात तू कालनिर्णयच्या जुन्या पानांच्या मागे शंभरपर्यंतच्या मूळ संख्या लिहून काढलेल्यास आणि प्रत्येकीला दोन वर्गांच्या बेरजेत बसवत होतीस, 5 म्हणजे 1 अधिक 4, 13 म्हणजे 4 अधिक 9, 29 म्हणजे 4 अधिक 25, आणि 7, 11, 19, 23 काही केल्या बसेनात. तू स्वतःहून पकडलंस की न बसणाऱ्या सगळ्यांना चारने भागलं तर बाकी 3 उरते. मग कितीतरी दिवस गप्प, जेवताना पण लक्ष नाही, आणि एका रात्री मी भांडी आवरत असताना येऊन म्हणालीस, आई, कुठल्याही वर्गाला चारने भागलं की बाकी 0 नाहीतर 1च येते, मग दोन वर्ग मिळवून 3 येणार कुठून! माझं गणित बी.कॉम.पर्यंतचं, पण ते मला तिथेच ओट्यापाशी उभ्या उभ्या कळलं. उरलेला अर्धा भाग, म्हणजे बाकी 1 उरणाऱ्या सगळ्या मूळ संख्या का बसतात, तिथे तू अजून अडलेली आहेस. मनू, तो भाग फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने 1640 मध्ये पत्रात लिहून ठेवला होता आणि त्याची सिद्धता ऑयलरने दिली ती शंभरहून जास्त वर्षांनी. तिथे अडणं म्हणजे स्लो असणं नव्हे.

म्हणून मला मॅथकॅम्प, रॉस आणि प्रॉमिस हे अमेरिकेकडचे गणिताचे तीन समर कॅम्प तुझ्यासाठी बरोबर वाटतात. तिन्हीकडे अर्जासोबत प्रश्नांचा एक संच सोडवून पाठवायचा असतो, घरी बसून, कित्येक आठवडे घेऊन, आणि बघतात ते तू विचार कसा केलास ते, अर्धवट सुटलेलं पण नीट लिहून पाठवता येतं. रॉस सगळ्यात जुना, 1957 पासूनचा, सहा आठवडे, सगळी मुलं नंबर थिअरी करतात, म्हणजे तुझ्या कालनिर्णयच्या पानांवरचाच विषय. बोस्टनचा प्रॉमिस त्याच वळणाचा, 1989 पासून चालू आहे, तो पण सहा आठवडे. मॅथकॅम्प पाच आठवड्यांचा, तो दरवर्षी अमेरिका नाहीतर कॅनडातल्या वेगळ्या कॉलेजात भरतो, तिथे मार्क नाहीत, परीक्षा नाही, कुठल्या तासाला बसायचं ते मुलंच ठरवतात. एप्रिलमध्ये तुला पंधरा पूर्ण होतील, त्यामुळे वयाचा प्रश्न कुठेच नाही. आणि एक गोष्ट मला फार आवडली, हे सगळे प्रोग्राम जून ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंतच्या काळात असतात, तेव्हा इथल्या मुलांच्या शाळा सुरू झालेल्या असतात आणि त्यांना महिना-दीड महिना सुट्टी मिळणं कठीण, तुझ्यावर ते बंधनच नाही.

मोठ्या युनिव्हर्सिटीच्या नावाने चालणारे काही कॅम्प पण बघितले, तिथे फी भरली की ॲडमिशन, गणित कोणी विचारतच नाही. तुझा मामा त्यांच्याबद्दल फार बोलेल, सर्टिफिकेटवर नाव मोठं असतं ना, पण ते मला नकोत. एवढ्या पैशात तुला मिळणार काय, तर एक टी-शर्ट आणि सहल.

पैशाचं तू डोक्यात घेऊ नकोस. या तिन्हीकडे फीसाठी मदत मागता येते, फॉर्ममध्ये आमचं उत्पन्न आहे तसं लिहायचं, त्यात लाज कसली. तिकिटाचं बाबा बघतायत. व्हिसाची अपॉइंटमेंट बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये लवकर मिळत नाही म्हणून पासपोर्ट रिन्यू करायला टाकलाय. मदत नाही मिळाली तर या वर्षी जाणं होणार नाही हे पण आत्ताच सांगून ठेवते, पण प्रश्न सोडवायचेच, कारण ते प्रश्न तुझेच राहतील.

तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. पहिली, प्रश्न पूर्ण स्वतः सोडवायचे, सरांना नाही, नेटवर नाही, चॅटजीपीटीला तर अजिबात नाही, त्यांचा तसा नियमच आहे आणि तुला पण दुसऱ्या कोणाची उत्तरं स्वतःची म्हणून पाठवलेली आवडणार नाहीत. दुसरी, शिफारसपत्र. ते घरच्या माणसाचं नको, तुला गणित करताना बघितलेल्या बाहेरच्या कोणाचं हवं, आणि घरी शिकणाऱ्या मुलांची पंचाईत इथेच होते. तुझे शनिवारचे सर आहेत, त्यांनी तुला फळ्यापाशी तास तास उभं राहिलेलं बघितलंय, त्यांना विचारायचं, आणि विचारायचं तू, मी नाही. मी शाळेच्या रेकॉर्डऐवजी तुझी पुस्तकं, विषय आणि केलेलं काम असं दोन पानांत टाइप करतेय, आल्यावर तपास.

एनआयओएसचं, म्हणजे मुक्त शाळेच्या बोर्डाचं पण जुळवून घेतलंय. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा असतात आणि सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, तर मराठी आणि सोशल सायन्स एप्रिलला उरकून टाकू, बाकीचे नंतर.

नातेवाईक दादरच्या मालविका जोशीचं नाव घेतीलच, 2016 मध्ये दहावी-बारावीच्या सर्टिफिकेटशिवाय एमआयटीला गेली ती. तिने प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीन मेडल्स मिळवली होती, दोन सिल्व्हर, एक ब्राँझ. खरंच मोठी गोष्ट आहे, पण तुझ्या मापाला ती पट्टी लावायची नाही, कोणी लावली तर मी आहे.

सायन्सचं मात्र मला थोडं टेन्शन आहे, कारण घरात लॅब नाही आणि ती कशी भरून काढायची ते अजून ठरत नाहीये. ऑलिंपियाडचे सायन्स कॅम्प मानखुर्दला होमी भाभा केंद्रात होतात, पण तिथे पोचायला आधी नोव्हेंबरच्या परीक्षेतून जावं लागतं. तोपर्यंत मे महिन्यात वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरची सुट्टीतली शिबिरं बघू, आणि रविवारी सकाळी टीआयएफआर या संशोधन संस्थेचं चाय अँड व्हाय, म्हणजे सायन्सवरच्या गप्पा, असेल तेव्हा जाऊ, फुकट असतं आणि प्रश्न विचारणाऱ्याचं वय तिथे कोणी बघत नाही. खगोल मंडळाबरोबर वांगणीला रात्रभराच्या आकाशदर्शनाला पण तुला पाठवायचंय, थंडीच आहे आत्ता, स्वेटर आजीकडे विसरून येऊ नकोस. पुण्याला भास्कराचार्य प्रतिष्ठानमध्ये ऑलिंपियाडच्या मुलांना शिकवतात, श्रीराम अभ्यंकरांनी 1976 मध्ये काढलेली संस्था, आत्याकडे राहून तिथे उन्हाळ्यात काही करता येईल का ते बाबा फोन करून विचारणारेत. अमेरिकेचं नाही जमलं तर मला हे सगळ्यात आवडेल, खरं सांगते, कारण तुला आता तुझ्यासारखी मुलं हवीयत, एकाच गणितावरून रात्री दोनपर्यंत भांडणारी, आणि ती मी किंवा बाबा नाही होऊ शकत.

प्रश्नांचे संच नवीन वर्षाच्या सुरुवातीला येतात, आले की प्रिंट काढून तुझ्या टेबलावर ठेवते. सरांना फोन तिथूनच कर, गच्चीवर रेंज येते असं आजोबा म्हणाले. आणि आजीला सांग, आंबोशी पाठवू नको, मागच्या वर्षीची अजून आहे.

तुझी,
आई