जुनं मशीन ठेवायचं की भंगारात द्यायचं

संपादक महोदय,

जुनं मशीन काढायचा विषय निघाला की घरात हमखास दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते आजोबांची आठवण आहे हात लावायचा नाही आणि दुसरी म्हणते नुसती जागा अडवलीय, विकून टाका. मशीन आत्ता काय काम करतंय हे मात्र कोणीच बघत नाही.

शिलाई मशीनचंच घ्या. सिंगरचं पहिलं पेटंट 1851 चं, आणि त्यांच्या 15 क्लास या मॉडेलची बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) आजही सहज मिळते. बिडाची बॉडी, तेल घातलं, पट्टा बदलला की जाड कापडावर पण मस्त चालतं. असलं मशीन भंगारात देणं मला तरी अजिबात पटत नाही.

लेथचं, म्हणजे धातू फिरवून कातायच्या मशीनचं, तसं नाही. बहुतेक काम चकजवळच (जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, पकडणाऱ्या भागाजवळ) होतं म्हणून बेड, म्हणजे खालचा लांब पाया, तिथेच जास्त झिजतो, मग तिथे सॅडल (बेडवरून सरकणारा, हत्यार धरणारा भाग) टाइट केलं की टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाकडे, जाताना अडकतं आणि सैल ठेवलं की जॉबचं माप बिघडतं. बेड ग्राइंड करून घेणं परवडत असेल तर जरूर करा. पण पट्टे उघडे, गार्ड नाही, इमर्जन्सी स्टॉप नाही, अशा मशीनवर नवशिक्या पोरांना उभं करायचं आणि वर "आमच्या वडिलांनी जन्मभर चालवलं" म्हणायचं, हे चूक आहे, बोटं जातात हो! एवढा जीव असेल तर पुसून, तेल लावून शोभेला ठेवा. आणि जुन्या ब्रेक, क्लचच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेला तर फुफ्फुसांना घातक) असू शकतो, तिथली धूळ हवा मारून उडवू नका प्लीज.

– एक वाचक