लाल नाडीवाल्या काकांना

काका,

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चल, पाणी पी आधी" म्हणता आणि व्हॅनकडे चालू लागता. म्हणून इथे लिहितेय. नाव लिहीत नाही, तुम्ही बजावलंय तसं. पण आमच्या बॉक्सिंगच्या रिंगभोवती उभं राहणाऱ्या प्रत्येकाला हे पत्र कुणाला आहे ते कळेल, आणि कळावंच.

रविवारी मी डावखुऱ्या मुलीविरुद्ध जिंकले. पाचपैकी चार पंचांनी मला कौल दिला. याआधी डावखुऱ्यांशी तीन वेळा गाठ पडली होती, तिन्ही वेळा हरले होते. तिसऱ्या वेळी उजव्या बरगडीखाली, यकृतावर समोरच्या मुलीचा डावा ठोसा बसला आणि मी गुडघ्यावर आले. रेफरी आठपर्यंत मोजत होता आणि मला श्वास घेता येत नव्हता.

त्यानंतर मला जे ऐकवलं गेलं ते अजून कानात आहे. एकजण म्हणाले, "लेफ्टी समोर येणं हा नशिबाचा भाग असतो." दुसऱ्यांनी वजनगट बदलायला सांगितलं, जणू पलीकडच्या गटात डावखुरे नसतात. मी फी वेळेवर भरत होते, पहाटे साडेपाचला हजर असायचे, आणि दोन वर्षांत एकदाही कुणी माझ्यासमोर डावखुरा जोडीदार उभा केला नाही. शिकवणं हे ज्यांचं काम होतं त्यांना ते सुचलं नाही, याचा राग आजही जात नाही.

तुम्ही भाच्याला घ्यायला येऊन बाकावर बसायचात. तिथूनच म्हणालात, "पोरी, दहा माणसांत एखादाच डावखुरा. तू रोज उजव्यांशी खेळतेस, तीही रोज उजव्यांशीच खेळते. मग तुला ती नवी आणि तिला तू जुनी." एवढा सरळ हिशोब मला आधी कुणी सांगितला नव्हता.

तुम्ही स्वतः डावखुरे, हे मला खूप उशिरा कळलं. लहानपणी घरच्यांनी घास उजव्या हातात दिला, मास्तरांनी पेन्सिल उजव्या हातात दिली, आणि बॉक्सिंगला गेलात तर तिथे पायसुद्धा बदलायला लावले. ऑस्कर दे ला होया आणि मिगेल कोटो हे नामवंत बॉक्सरही मूळचे डावखुरे, पण लढले उजव्यांसारखा डावा पाय पुढे ठेवूनच. हे वाचलं तेव्हा मला तुम्ही आठवलात. माझ्यासाठी तीस वर्षांनी तुम्ही उजवा पाय पुढे टाकलात. दिवसभर शाळेची मुलं ने-आण करून, पन्नाशी उलटल्यावर, सहा आठवडे रोज संध्याकाळी माझे ठोसे अंगावर घेतलेत.

माझा डावा पाय पुढे, तिचा उजवा पुढे, म्हणजे दोघींचे पुढचे पाय एकमेकांना भिडणार. ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला पडेल त्याचा मागचा हात सरळ हनुवटीपर्यंत जातो आणि समोरच्याचा हात बाजूने निसटतो. माझा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, तिच्या उजव्या ग्लोव्हवर आपटून वाया जायचा. तुम्ही सांगितलंत, तो ग्लोव्ह डाव्या हाताने नुसता दाबून ठेव आणि जॅबची वाट न बघता थेट उजवा मार. डावीकडे सरकत राहा, तिच्या डाव्या हातापासून लांब, पण आंधळेपणाने नको, तिकडे तिचा उजवा हुक, बाजूने वळून येणारा ठोसा, टपलेला असतो. आणि उजवं कोपर खाली, बरगडीला चिकटून. ते शेवटचं तुम्ही पुन्हा सांगितलं नाहीत. कोपर उचललं की हलकेच तिथे मारायचात, बस.

उजवा हात सलग चार दिवस चुकला तेव्हा मी रडले. तुम्ही फोनवर मार्केझ आणि पॅकियाओ या बॉक्सरांची लढत लावलीत. ८ डिसेंबर २०१२, लास व्हेगास. तिच्याआधी दोघं तीनदा, ३६ फेऱ्या एकमेकांसमोर उभे राहिलेले, आणि मार्केझला एकही विजय नाही. मग सहाव्या फेरीचा शेवटचा सेकंद, डावखुरा पॅकियाओ आत येतो आणि मार्केझचा तो एक उजवा, पॅकियाओ आडवा. तुम्ही एवढंच म्हणालात, "तीन वेळा नाही जमलं ना त्यालाही?"

पण काका, मला खरं लिहायचंय ते नाडीबद्दल. माझा पाय पुन्हापुन्हा आतच पडत होता. दोन्ही बूट पांढरे, घाईत मला काही दिसत नव्हतं. तुम्ही खाली बसलात, पेटीतून काढलेल्या तुमच्या जुन्या बुटाची लाल नाडी सोडलीत आणि सगळ्यांसमोर, माझ्या पायाशी बसून, माझ्या डाव्या बुटात ओवलीत. मी पाय मागे घ्यायला लागले, तर म्हणालात, "थांब, गाठ नीट बसू दे." वडिलांच्या वयाचा माणूस माझ्या पायाशी. दुसऱ्या दिवशी तुमच्या बुटाला सुतळी होती. सहा आठवडे सुतळीच होती.

त्या दिवसापासून मी माणसांकडे वेगळं बघते. पदं, शिट्ट्या, गळ्यात लटकवलेली ओळखपत्रं एकीकडे, आणि दुसऱ्याला अडलंय हे दिसल्यावर खाली वाकणारी माणसं एकीकडे. आपल्या आसपास अशी माणसं आहेत. भाजीवाल्या मावशी आहेत, रात्री दार उघडून थांबणारे वॉचमन आहेत. कुणी सांगितलेलं नसतं, कुणी पैसे देत नाही, तरी करतात. अशांच्या जोरावर माझ्यासारख्या मुली टिकतात असं मला मनापासून वाटतं.

रविवारी पहिली फेरी माझ्या हातून गेली. कोपऱ्यात स्टुलावर मान खाली घालून बसले होते आणि नजर लाल नाडीवर गेली. तुम्ही अडथळ्यांच्या मागे होतात, काही ओरडला नाहीत. दुसऱ्या फेरीत नाडी तिच्या बुटाच्या बाहेर पडली, आणि उजवा लागला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा तिची मान मागे गेली. शेवटच्या फेरीत तिने बरगडीखाली तोच डावा टाकला, आणि तो कोपरावर आदळला. कोपर अजून निळं आहे.

नाडी मी परत देणार नाही, काका. बाजारातून लाल नाड्यांची नवी जोडी आणली आहे. शनिवारी भाच्याला घ्यायला याल तेव्हा ती सुतळी काढू. ओवायला या वेळी मी बसेन.

तुमची,
डावा पाय बाहेर टाकायला शिकलेली मुलगी